गोलीची न झालेली आवणी

त्या दिवशी "सोड, माझा!" असं मी ओरडलो होतो. आमच्या गोलीनं, म्हणजे गोल राखणाऱ्यानं, चेंडू मनानं सोडला नव्हता, मी सांगितलं म्हणून सोडला. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. आईला नाही, बायकोला नाही, ज्या मास्तरांनी आम्हाला खेळ शिकवला त्यांनाही नाही. आता चाळिशी उलटली. तुम्ही फार मुके, असं बायको म्हणते. बोलायला लागलो तर पहिलं हेच तोंडातून निघेल, या धाकानं मी बाकीचंही बोलायचं टाळत आलो असेन.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. शहापूरच्या शाळेत एक मास्तर बदलून आले. त्यांच्या ट्रंकेत हवा काढलेला फुटबॉल होता. आत रबराचा ब्लॅडर, वरून चामडं आणि चामड्याचं तोंड वादीनं आवळलेलं. ब्लॅडरमध्ये तोंडानं हवा भरायची. चेंडू डोक्यावर घेताना वादीची गाठ कपाळाला लागली की वळ आठ दिवस राहायचा, आणि आम्ही तो वळ मिरवायचो. मैदान म्हणजे भात कापून मोकळं झालेलं एक मोठं शेत. धसकटं कोयत्यानं जमिनीलगत छाटायची, दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवायचे, वर काथ्याची दोरी ताणायची. पाय अनवाणी. होळीपर्यंत खेळ, मग शेतं पुन्हा शेतं.

मुरबाडलाही असाच संघ होता, आणि वर्षातून एकदा आमची गाठ पडे, म्हसा गावच्या जत्रेच्या आदल्या रविवारी. आमच्यासारख्या पाच-सहा खेड्यांतल्या पोरांचा मिळून शहापूरचा संघ व्हायचा. खेळणारे अकरा, पण भांडणारे शंभर. त्यातला पहिल्या नंबरचा एक गाडीवान. आग्रा रोडवरच्या चहाच्या दुकानात तो बाकावर मांडी घालून बसायचा. दुकानदार मूळचा मुरबाडकडचा, त्यामुळे रोजचा तमाशा ठरलेला.

"दुकान शहापुरात, गिऱ्हाईक शहापूरचं, आन् आरडतोस मुरबाडसाठी! लाज हाय काय रे?"

"पोट कुठं भरतंय ते वेगळं, आन् आरडायचं कुणासाठी ते वेगळं. तुझी सासू मुरबाडची, तिला जाऊन इचार."

"सासूचं नाव काढू नको. ती तर खेळ बघताना दोनी बाजूला शिव्या घालते."

कोण कुठल्या संघाकडून खेळणार, हा वाद एकदा फार पेटला होता. मुरबाडचा एक पोरगा शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि आमच्याकडून खेळतो म्हणाला. तेव्हा या शंभर जणांनी मिळून नियम केला, की ज्याची आवणी जिथं, त्याचा खेळ तिथं. आवणी म्हणजे भाताची लावणी. पावसाळ्यात ज्याच्या पायाला जिथला चिखल, तो तिथला. नियम कुणी लिहून ठेवला नाही, पण कुणी मोडलाही नाही.

आवणीवरूनच आमची दुसरी चाल पडली. इंग्लंडात म्हणे जुना खेळाडू थांबतो तेव्हा त्याच्या नावानं एक सामना करतात आणि जमलेला पैसा त्याला देतात, असं मास्तरांनी पेपरात वाचलं होतं. गाडीवान म्हणाला, "पैसा आजचा उद्या नाय. त्यापरीस आमी त्याचं शेत लावू." तेव्हापासून आमच्याकडे जो खेळायचा थांबेल, त्याच्या शेतात एक दिवस सगळा संघ, सगळे आरडणारे आणि त्यांच्या घरच्या बाया उतरायच्या. सकाळी ढोलकं वाजवत जायचं आणि दिवस मावळायच्या आत या बांधापासून त्या बांधापर्यंत रोप लावून टाकायचं. घरधन्यानं फक्त तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची. ज्याच्या शेतात अशी आवणी झाली, तो मरेपर्यंत मान ताठ ठेवून बाजारात फिरे. आमच्या डाव्या बाजूनं खेळणारा गिरणीत नोकरीला गेला तेव्हा त्याच्या शेतात साठ माणसं उतरली होती. त्याची आई बांधावर उभी राहून नुसती हसत होती.

आमचा गोली माझ्या शेजारचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. हात रुंद, बोलणं कमी. त्याची शेवटची एक-दोन वर्षं राहिली होती, गुडघे बोलायला लागले होते. पुढची आवणी दादाची, हे सगळे धरून चालले होते. वहिनीनं त्यासाठी सुकट आतापासून जमवायला घेतली आहे, अशी बाया तिची थट्टाही करायच्या.

त्या पावसाळ्यात त्याचा सासरा अंथरुणाला खिळला. सासरवाडी टोकावड्याकडची, म्हणजे मुरबाड तालुक्यातली. दादा आपलं शेत उरकून आठ दिवस तिकडे आवणीला गेला. परत आल्यावर गाडीवानानं त्याला चिडवलं, "काय रे, आता खेळणार कुणाकडून? पाय तर मुरबाडच्या चिखलात बुडवून आलास!" दादा हसला. सगळेच हसले. मीही.

सामना त्या वर्षी मुरबाडला होता. एक-एक गोल झाला होता, ऊन कलतं. त्यांच्या उंच पोरानं लांबून लाथ मारली आणि चेंडू टप्पे खात सावकाश गोलाकडे आला. अगदी सोपा चेंडू. दादा वाकून, हात पसरून तयार होता. मी त्याच्या पुढ्यात मागचा गडी म्हणून उभा होतो. मला वाटलं, दरवेळी याचंच नाव होतं, आज एक तरी लाथ माझी दिसू दे. इतकंच. याहून मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही. मी ओरडलो, "सोड, माझा!" मागच्या गड्यानं हाक दिली की गोलीनं हात आवरायचे, ही मास्तरांची शिकवण. दादानं हात आवरले, बाजूला सरला. मी पाय उगारला, चेंडू धसकटावर आपटून उडाला, आणि माझा पाय नुसता वारा मारून खाली आला. चेंडू बांबूंच्या मधून पलीकडे गेला, म्हातारं माणूस घरात शिरतं तसा.

मुरबाडकरांचे ढोल चालू होते. माझी हाक दादाशिवाय कुणी ऐकली नाही. मास्तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की गोली चेंडू बघून बाजूला झाला.

परतीची बैलगाडी मुरबाडच्या वेशीबाहेर आली. मग गाडीवान पुढं बघत म्हणाला, "सासरवाडीला आहेर दिला त्यानं." दुसरा म्हणाला, "जिथं आवणी तिथं खेळ. नियम आपणच केलाय." दादा गाडीच्या मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसला होता. मी त्याच्या शेजारी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बैलांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो. तो दोर वळत होता.

"दादा, मी सांगतो सगळ्यांना."

"सांग ना."

"तू का नाय बोललास काल?"

"मी बोललो तर दुसऱ्यावर ढकलल्यागत दिसंल. ते तुझं हाय, तूच बोल." आणि दोराला पीळ देत, "घाई नाय. बोल सावकाश."

सावकाश बोल म्हणाला, म्हणून मी सावकाश घेतलं. आज नको, बाजारच्या दिवशी. बाजारच्या दिवशी गाडीवान तापलेला होता. मग होळीला. होळीला वाटलं, आता लोक विसरले असतील, कशाला उकरायचं. तोवर दादा संघातून निघाला होता. कुणी काढलं नाही, तोच आला नाही.

पावसाळ्यात त्याच्या शेतात कुणी उतरलं नाही. ढोलकं नाही, बाया नाहीत. दादा आणि वहिनी, दोघंच. गावाचं एका दिवसाचं काम दोघांनी अकरा दिवस केलं. माझं शेत लागूनच. मधे एक बांध. मला उतरता आलं असतं, शेजारी म्हणून तरी. पण मी एकटा उतरलो तर का उतरलो ते विचारतील, म्हणून मी माझं रोप लावत राहिलो, पाठ तिकडे करून. एका दुपारी वहिनी कंबर सरळ करत बांधापाशी आली.

"भावजी, तुमचं रोप उरंल काय हो? आमचं थोडं कमी पडतंय."

तिला दादानं काही सांगितलेलं नव्हतं. मी दोन जुड्या उचलून दिल्या. "लई उपकार झाले," असं ती म्हणाली.

नंतर लढाई आली. आग्रा रोडवरून लष्करी लॉऱ्या कसाऱ्याच्या घाटाकडे जायच्या. एकदा एक लॉरी चहाच्या दुकानापुढे वाफा टाकत थांबली. तिचा ड्रायव्हर अमेरिकन, उंच, मानेवर घामोळं आलेलं. पाणी थंड होईस्तोवर तो बाकावर बसला. मास्तर तिथंच होते, त्यांनी दुभाष्याचं काम केलं. गाडीवानाला दुसरं काय सुचणार?

"इचारा मास्तर, त्यांच्यात फुटबॉल हाय काय?"

आहे, पण तो हातात घेऊन पळतात, असं कळलं. "हातात? मग पाय कशाला दिले देवानं?" दुकानदार खदखदला. मग अमेरिकननं सांगितलं, की त्यांच्याकडे संघाला मालक असतो, आणि तो आपला खेळाडू दुसऱ्या गावच्या संघाला देऊन टाकतो. कधी दोन देऊन एक घेतो.

"म्हशाच्या बाजारात बैल बदलतात तसं?"

"तसंच, म्हणतो."

"आन् लोक त्याला फितूर म्हणत नाय?"

पहिल्या दिवशी शिव्या देतात, म्हणाला, मग विसरतात. त्याच्या बापानं गाव सोडून वीस वर्षं झाली, तरी तो जुन्या गावाच्या संघासाठीच रेडिओशी भांडतो. हे ऐकून दुकानदारानं टेबलावर थाप मारली. "ऐकलंस? अमेरिकेत पण माझ्यासारखे हाएत!" गाडीवान मात्र गोंधळला होता. "पण मास्तर, त्या इकलेल्या खेळाडूचं शेत कुठं?" मास्तरांनी आमचा नियम त्याला समजावून सांगितला. अमेरिकन मन लावून ऐकत होता. त्यानं विचारलं, हा नियम कधी कुणी मोडला का?

गाडीवानानं हनुवटीनं दाखवलं. दादा दाराबाहेरच्या दगडावर बसून बशीतून चहा पीत होता. "त्यानं. सासरवाडीसाठी चेंडू सोडला."

अमेरिकननं वळून पाहिलं आणि मास्तरांना काहीतरी म्हणाला. मास्तर जरा घुटमळले. मग दादाला म्हणाले, "तो विचारतोय, का सोडलास?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आमच्यापैकी एकानंही नाही. दादानं बशी खाली ठेवली. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. तो बोलणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो बोलावा असंच वाटलं, म्हणजे मी सुटलो असतो.

"सुटला," दादा म्हणाला. "हातून सुटला."

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "मास्तर, त्याला सांगा, लॉरीचं पाणी निवलं असेल." सगळे उठून लॉरीकडे बघायला गेले. दादानं बशी धुऊन दुकानदाराला दिली आणि आमच्या गावाकडच्या, डोळखांबच्या रस्त्याला लागला. मैदानातली चूक क्षणात झाली होती, पोरपणाची म्हणून तिला पांघरूण घालता येईल. दुकानात मात्र मला वेळ होता. चांगला वेळ होता.

संघ पुढे मोडला. मास्तरांची बदली झाली. ते शेत पुन्हा शेतच राहिलं. दादा आहे. गुडघे गेले आहेत, तरी दर पावसाळ्यात तो चिखलात उतरतोच, आणि मला हाक मारतो, "काय रे, रोप कसं आलंय?" गाडीवानही आहे, दुकानदारही आहे, भांडणही आहे.

ती आवणी मी एकट्यानं करून दिली तर ती मजुरी होईल. तिला गाव लागतं. आणि गाव उतरायचं तर आधी मला त्या दुकानात, गाडीवानासमोर, दादा ऐकत असताना खरं सांगावं लागेल. हे मी त्याचं देणं लागतो, आणि आज हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.