वाळूचा रंग आणि गच्चीवरचं ऊन

माझं शिक्षण काळ्या रंगावर झालं. आबा, म्हणजे माझे वडील, पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये रंगाचे मास्तर. सौदीतल्या बायका अंगभर घालतात त्या अबायाचं काळं कापड वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यावर मी खानदेशातल्या तालुक्याच्या शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि त्याच मिलच्या एक्स्पोर्ट ऑफिसात लागले. हे उपकार मी विसरणार नाही. पण त्या महिन्यात आबांनी मला अगदी वात आणला.

सौदीला आता नुसत्या तेलावर राहायचं नाही. पर्यटक यावेत म्हणून तिथे हॉटेलं उभी राहतायत, बायकाही रंगीत अबाया घालू लागल्यात. आमच्या काळ्याची मागणी घटली आणि चौकशी आली ती हॉटेलच्या पडद्यांची. रंग वाळूचा. जेवताना मी आबांना सगळं समजावलं: तेल, पर्यटन, एकाच धंद्यावर देश का चालत नाही.

आबा भाकरी मोडत म्हणाले, "मॅडम, वाळूना रंग कराले माले देश कसाले समजाले जोयजे?"

पहिला नमुना नापास झाला. गिऱ्हाइकाचा शेरा आला, गुलाबी दिसतो. दुसराही तसाच. दर वेळी आबा भर दुपारी मला चार जिने चढवून गच्चीवर नेत आणि कापड उन्हात धरत. "कोठे शे गुलाबी? दखाड!" काळ्यात निळी झाक आहे की लाल, हे उन्हातच कळतं, म्हणून ही त्यांची जुनी सवय. लॅबमध्ये रंग तपासायची दिव्यांची पेटी आहे, तिला ते टीव्ही म्हणतात. उन्हात मलाही वाळूच दिसायची, आणि त्याने माझी जास्तच चिडचिड व्हायची.

तिसराही नापास झाला तेव्हा मिलचे शेठ शेवटची संधी देत गुजरातीत म्हणाले, "बेन, हवे छेल्लुं सँपल. नहीं तो बीजो मास्तर लावीश."

मी तशीच गच्चीवर गेले आणि आबांवर ओरडले. "तुमची नोकरी जाईल आबा! सोडा ना आता हे ऊन!"

ते कापडाची घडी करत राहिले. मग म्हणाले, "हाऊ पडदा लोके कव्हय ओढतस?"

"संध्याकाळी. का?"

"मंग तठे दिवा कसा ऱ्हास?"

ते बघायला मी खाली येऊन गिऱ्हाइकाचे कागद काढले. तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: नमुना खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली पाहावा. ते पान मी दोनदा वाचलं होतं. इंग्रजीत. ती लॅबची बाब आहे असं समजून पुढे गेले होते. आबांना अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था सांगितली आणि ही एक ओळ सांगितली नाही.

मी ती ओळ वाचून दाखवताच आबांनी लॅबच्या पेटीतला पिवळा दिवा लावला. कापड कांद्याच्या सालीसारखं गुलाबी दिसलं. त्यांनी मिश्रणातला एक रंग बदलला, आणि चौथा नमुना पास झाला. आबा मास्तर राहिले.

परवा त्याच हॉटेलची उशांच्या अभ्र्यांची चौकशी आली. मी कागद घेऊन लॅबमध्ये गेले आणि तिकडे आणखी किती हॉटेलं होणार आहेत ते सांगू लागले.

"देश ऱ्हाऊ दे, मॅडम," आबा म्हणाले. "पह्यले दिवा सांग."