बारक्या तोंडाची वायर

माझी बोटं लई हुशार हायत. डोकं तसं न्हाय, म्हणून सगळा घोटाळा झाला.

चादरीच्या मागावर माझी उमर गेली. एक बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला की त्याच्या हजारो सुतांना नव्या बीमचं सूत बोटानं पीळ देऊन जोडायचं. डोळे झाकून जोडतो. शाळेत दुसरीच्या पुढं गेलो न्हाय, पण जोडण्यात आपल्यासारखा कोण न्हाय, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

पोरगी माझ्यावर गेली न्हाय, नशीब तिचं. ती लॅपटॉपवर चादरीची डिझाईनं काढते. त्या दिवशी पुण्याचा एक व्यापारी ती बघायला घरी येणार होता. तिचं स्वतःचं पहिलंच काम. टीव्हीवर मोठी करून दाखवायची म्हणून तिनं एक वायर आणलेली. एका टोकाला लॅपटॉपचं बारकं तोंड, दुसऱ्याला टीव्हीचं रुंद. रात्री लावून बघितली, चित्र झकास आलं. सकाळी ती नमुन्याची कापडं आणायला गेली. जाताना म्हणाली, "आप्पा, कशाला हात लावू नका."

ती वायर हातभरच. टीव्ही भिंतीला उंच, म्हणजे लॅपटॉप कपाटावर आणि पोरगी स्टुलावर. व्यापाऱ्यासमोर बरं दिसतंय का ते? मी मोबाईलच्या दुकानात गेलो. लांब वायर द्या म्हणलो. दुकानदार विचारायला लागला, चार्जिंगची का डेटाची का चित्राची. मी म्हणलो, तोंड तर सगळ्यांचं सारखंच की. तो म्हणला, तोंड सारखं असतंय, आतलं वेगळं. मला वाटलं फसवतोय. सगळ्यात लांब आणि जाड बघून उचललो.

घरी येऊन बघतो तर दोन्ही टोकांना बारकंच तोंड. टीव्हीत जाईना. मग पोरीचीच वायर लावलो, तर टीव्ही काळाकुट्ट. काढली, उलटी करून घातली, फुंकर मारली. काय न्हाय. रात्री चाललेली वायर सकाळी मेली म्हणलो. राग असा आला की सांगता येत न्हाय. मग कातर घेतली.

विचार सोपा होता. मेलेल्या वायरीचं रुंद तोंड घ्यायचं, लांब वायरीला जोडायचं. हजारो सुतं जोडणाऱ्याला ह्या तारा काय? कापलो. लांब वायरीतनं चार-पाच तारा निघाल्या. पोरीच्या वायरीतनं केसासारख्या तारांची आखी लड निघाली, वर चांदीचा कागद. लालला लाल जोडलो. बाकीच्यांना जोडीदारच न्हाय. आयुष्यात पहिल्यांदा मला सूत कमी पडलं.

तेवढ्यात पोरगी आली. तिनं वायरीचे तुकडे उचलून बघितले.

"लॅपटॉपच्या कुटल्या भोकात घातली होती?"

"उजव्या. दोन्ही सारखीच की."

"उजवं नुसतं चार्जिंगचं हाय आप्पा. चित्र डाव्यातनंच येतंय."

वायर जिवंत होती. मी मारलो.

तोवर व्यापारी दारात. पोरीनं लॅपटॉप मांडीवर घेऊन डिझाईनं दाखवली. तो चष्मा वर-खाली करत म्हणला, एवढ्याशात किनार कळंना, अक्कलकोटला दर्शनाला चाललोय, दुपारी येताना बघतो. मी आणि पोरगी तसंच नवी वायर आणायला त्याच दुकानात गेलो. पोरीनं मला बाहेर स्कूटरपाशी उभं केलं. आतनं दुकानदार माझ्याकडं बघत होता. मी गाडीचा आरसा पुसत बसलो.

दुपारी व्यापारी आला. पोरगी स्टुलावर चढली, लॅपटॉप कपाटावर, नवी वायर तेवढीच आखूड. मला कोपऱ्यात बसवलेलं, हात मांडीवर. चित्र आलं. व्यापारी मान वर करून करून अवघडला, लांब वायर पाहिजे होती म्हणला. मी हात मांडीखाली घातलो. त्यानं तीन डिझाईनं पसंत केली, आधी नमुने विणून दाखवा म्हणला.

तो गेल्यावर पोरीनं लॅपटॉपच्या डाव्या भोकापाशी नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. मग कातर उचलून माझ्या हातात ठेवली.

"नमुने तुमीच विणायचे आप्पा. बोटं तितं चालवा."