कुबड्यांच्या खोलीवरचा दिवा

माझं खुब्याचं हाड मोडलं ते आमच्या नातीच्याच रुग्णालयात जोडलं, म्हणून हा सगळा प्रकार मला तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून डोळ्यांनी पाहता आला. तेव्हापासून हाड मोडल्याचं मला वाईट वाटत नाही.

नात तिथे समुपदेशक. अपघातात हात-पाय गेलेल्या माणसांची मनं सावरायची, हे तिचं काम. त्यासाठी वर्षानुवर्षं शिकली पोरगी, पण हाडांच्या विभागात तिचं नाव काय? ‘गप्पावाली’! खोली दिली तीही जुन्या कुबड्या ठेवायची. तिथे कुणीही, कधीही, दार न वाजवता घुसायचं. एकाला कुबडी हवी, दुसऱ्याला फाईल.

एका ट्रकड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली कापला होता. नऊ दिवस गड्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. दहाव्या दिवशी नातीसमोर कुठे म्हणाला, “ताई, एक सांगू?” तेवढ्यात धाडकन दार उघडून हाडांचे मोठे डॉक्टर आत, मागे चार शिकाऊ डॉक्टर. पट्टी सोडली, टाके पाहिले, “छान भरतंय” म्हणाले आणि चालते झाले. ड्रायव्हर पुन्हा कुलूपबंद.

दुसऱ्या दिवशी नातीने वायरमनला गाठून दारावर लाल दिवा बसवून घेतला. ऑपरेशन थिएटरवर असतो ना, अगदी तस्सा.

मोठे डॉक्टर भडकले. “हे काय नाटक? संध्याकाळपर्यंत काढा. नाहीतर उद्यापासून रेकॉर्ड रूममध्ये बसायचं.”

“सर, तुमचा दिवा लागलेला असताना मी आत येऊन पेशंटला विचारलं, झोप लागते का, तर चालेल?”

“अहो, ते ऑपरेशन असतं!”

“इथेही माणूस अर्धा उघडलेला असतो, सर.”

मी हळूच म्हटलं, “पोरी, नोकरी जाईल हं.”

“जाऊ दे, आजोबा. दिवा नाही जायचा.”

मग लेखी मेमो आला, दिवा काढा नाहीतर बदली. तो तिने दिव्याखालीच चिकटवला, चारी कोपरे नीट दाबून!

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आत, दिवा चालू, आणि मोठे डॉक्टर लवाजम्यासह हजर. हात थेट कडीवर. तोच मुख्य सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन मधे उभ्या. बाईंची तिथे तीस वर्षं गेलेली.

“दिवा लागलाय, सर.”

“सिस्टर, माझा पेशंट आहे तो!”

“आत्ता तिचा आहे.”

आतून एका दांडग्या पुरुषाचा हुंदका आला. मग दुसरा. डॉक्टरांचा हात कडीवरून खाली आला आणि ते माझ्या शेजारी बसले. त्या माणसाला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो! शिकाऊ मंडळी भिंतीला टेकून, वर्गाबाहेर काढल्यासारखी.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी विचारलं, “आजोबा, इतका वेळ करतात तरी काय आत?”

“काम,” मी म्हटलं. “बसा गुपचूप.”

दिवा विझला. व्हीलचेअरवरून ड्रायव्हर बाहेर आला. डोळे सुजलेले, पण मान वर. “साहेब, नवा पाय कधी बसवताय?”

डॉक्टर उठले आणि मेमोचा कोपरा नखाने सोडवू लागले.

“राहू द्या, सर,” नात म्हणाली. “नव्याने येणाऱ्यांना वाचायला होईल.”

मेमो आहे अजून तिथेच. वर दिवाही आहे.