अप्पांचं पहिलं पान

कार्तिकातलं कोवळं ऊन येलहंकातल्या आमच्या व्हरांड्यात उतरलं, की त्यात कॉफीचा आणि कोऱ्या कागदांचा गंध मिसळतो आणि माझ्या मनातला संशय जागा होतो. माझे वडील, जन्मभर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभे राहिलेले, दिवाळीपासून आत्मचरित्र लिहीत आहेत; पण अजून पहिल्याच पानावर. आजोबांच्या दुकानापुढचा गुलमोहर काल ‘आरक्त’ होता, आज ‘तांबूस’ झाला, उद्या बिचाऱ्याचं काय होईल कोण जाणे.

परिष्कार हवाच. मीही लिहिते, खोडण्याचं सुख मला ठाऊक आहे आणि त्या सुखाची लबाडीही. पुढच्या पानाची धास्ती असली की मागचं पान फार अपुरं वाटू लागतं. अप्पांचं पुढचं पान म्हणजे अण्णा, माझा थोरला भाऊ. तो त्यांच्याशी भांडून घराबाहेर पडला, आणि पुढे आली ती त्याच्या निधनाचीच वार्ता. भांडणाच्या त्या दुपारी मी शाळेत होते. आईही आता नाही. काय घडलं ते फक्त अप्पा जाणतात, आणि मला ते हवंय, अगदी हट्टाने हवंय.

शेवटी मी त्यांना त्यांच्याच धंद्याचा दाखला दिला. “अप्पा, शेवटचा कट घेताना हत्यार मध्येच थांबलं तर जॉबच्या लोखंडावर वळ उठतो, असं तुम्हीच सांगायचात ना?”

चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “बरीच बोलायला लागलीस. सरी, बरं, आता थांबत नाही.”

खरंच थांबले नाहीत. हवाई दलाची विमानं डोक्यावरून गडगडत गेली तरी दुपार कलेपर्यंत त्यांची मान वर झाली नाही. संध्याकाळी त्यांनी वाचून दाखवलं ते इतकं ओघवतं, इतकं गुळगुळीत होतं, की माझा संशय आता उलट बाजूने सुरू झाला. ओघातही माणूस लपत असेल की. सगळं भांडण एका वाक्यात उरकलं होतं.

“मी फाटकापर्यंत धावलो, हाका मारल्या, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही,” अप्पांनी वाचलं. पेल्यातली कॉफी निवली. मग पेनाचं टोपण काढत ते म्हणाले, “इथे स्वल्प दुरुस्ती आहे.”

त्यांनी ‘नाही’ खोडलं. म्हणजे अण्णाने वळून पाहिलं होतं. मग पेन हळूहळू मागे सरकत ‘हाका मारल्या’पाशी आलं आणि तिथेच राहिलं. थांबू नका, असं म्हणायला माझी जीभ काही उचलेना.