खडकाळ कोपऱ्यातली चौकट

कोल्हापूरच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला. "काकी, आई गेली..." एवढंच म्हणाला. माझी थोरली जाऊ, शालाक्का. आदल्याच दिवशी मी त्यांना भेटून आले होते. अंगात त्राण नव्हतं, पण विचारलं काय, तर "पाऊस उघडला का गं? शेंगा उपटायला आल्या असतील." मी म्हटलं, "आक्का, आधी बऱ्या व्हा." तर जणू मीच आजारी आहे अशा नजरेनं माझ्याकडं बघत राहिल्या.

राधानगरीच्या वाटेवरचं आमचं गाव. चहूकडं ऊस. माळावरच्या तुकड्यात भुईमूग लावणाऱ्या आक्का एकट्याच, त्यामुळं लोक चेष्टा करायचे. मग सरकारची तेलबियांची योजना आली. कृषी खात्यानं आक्कांच्या रानात नव्या वाणाचा चाचणीचा प्लॉट घेतला. उतारा चांगला पडला तर पुढच्या हंगामात अख्ख्या गावाला अनुदानावर बियाणं मिळणार होतं. माळाची रानं कित्येकांची पडून होती. चेष्टा करणारेच आता बांधावर येऊन वेल चाचपू लागले.

उतारा मोजायची रीत साधी. दोरीनं चौकट आखायची, तेवढ्यातल्या शेंगांचं वजन करायचं आणि त्यावरून एकराचा हिशेब धरायचा. कृषी सहायकानं भरघोस जागा बघून चौकट आखली, तिच्यातल्या शेंगा उपटून ढीग वेगळा ठेवायला सांगितलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी वजन करायला खात्याचे साहेब आले. आता आमच्याकडं काढणीच्या दिवशी रानात आलेला माणूस रिकाम्या तोंडानं परत जात नाही. आक्कांनी भलंमोठं पातेलं चढवून मीठ घातलेल्या शेंगा उकडल्या होत्या. साहेबांसकट निम्म्या गावानं ताव मारला. टरफलांचा खच पडल्यावर साहेबांनी विचारलं, "चौकटीतला माल कुठाय?"

आक्का पातेल्याकडं बघायला लागल्या. "त्यो व्हय... त्यो तुमीच खाल्लासा की, पावणं!"

पाहुण्यांना निवडक द्यायचं म्हणून बाईंनी नेमका तोच ढीग उकडला होता! मी तोंडाला पदर लावला, पण सरपंचांचा चेहरा उतरला. दुसऱ्या ढिगातलं भरून द्या, असं त्यांनी हळूच सुचवलं. साहेबही भले, "अंदाजानं लिहू या का?" म्हणाले. आक्का उसळल्या.

"न्हाय! ह्या आकड्यावर उद्या समदं गाव पेरणार हाय. खोटा निघाला तर त्यांची रानं बुडतील, तुमचा कागद न्हाय."

उपटायचा राहिला होता तो फक्त वरचा खडकाळ कोपरा. आक्कांनी दोरी साहेबांच्या हातात दिली आणि तिकडं बोट दाखवलं. सरपंच कळवळले, "आक्का, गावाचं बियाणं घालवशिला!"

"हितं पिकलं तर कुणाच्याबी रानात पिकंल," आक्का म्हणाल्या.

आम्ही बायका खुरपी घेऊन बसलो. मातीत तुटून राहिलेली शेंगसुद्धा सोडली नाही. काटा बघायचं धाडस मला झालं नाही... वजन भारी नव्हतं, पण योजनेला हवं तेवढं भरलं. पुढच्या हंगामात बियाणं आलं आणि आज आमच्या माळावर पिवळी फुलं दिसतात ती त्यामुळं. नंतरही दर काढणीला मोजणी व्हायची, आणि आक्का चौकट तिथंच आखायला लावायच्या. आमच्या गावाचा आकडा म्हणून जरा कमीच दिसतो, पण त्यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. अशा बाईची मी धाकटी जाऊ, हे मी कुठंही छाती फुगवून सांगेन.

गेल्या आठवड्यात आक्कांशिवायची पहिली काढणी झाली. कृषी खात्यातल्या नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी पुतण्याला विचारलं, "दादा, पीक जोमदार कुठल्या बाजूला आहे?" तो दोरी उचलायला वाकला. तेवढ्यात, आता म्हातारे झालेले तेच सरपंच पुढं झाले आणि दोरी घेऊन चढावर निघाले.

"हिकडं या, बाई. आमच्यात हितंच आखत्यात."