घास गेला

या सदरातले अनुभव वाचून मी नाक मुरडते, हे आधीच कबूल करते. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. प्रेतं ठेवायच्या खोलीशेजारी बसून डबा खाल्लाय. कुणा बाईच्या अंगात आलंय म्हणून माणसं तिला घेऊन आली, की मी आधी काखेत थर्मामीटर लावायची... आणि बहुतेक वेळा ताप निघायचाच! तरीही एक गोष्ट आहे, जी मला आजवर कुठल्याच डब्यात बसवता आलेली नाही.

साल चव्वेचाळीस, लढाई चालू होती. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात (नाव मुद्दाम देत नाही) मी एक्स-रेच्या खोलीत मदतीला होते. घास का अडकतो हे शोधायचं, तर तेव्हा आमच्याकडे एकच मोठी तपासणी – बेरियमची. पांढरी पूड पाण्यात कालवून पेशंटला प्यायला द्यायची, त्याला पडद्यामागे उभं करायचं, दिवे घालवायचे आणि घोट कुठे अडतो ते हिरवट पडद्यावर बघायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून डॉक्टरसाहेब आधीपासूनच लाल चष्मा लावून फिरायचे. पेशंट त्यांना बघूनच निम्मे गार व्हायचे.

चंद्रभागाबाई राहुरीकडच्या, मुळा नदीकाठच्या एका गावातल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण अंगावर मांस म्हणून नाही. बरोबर कोवळी सून. दोन वर्षं बाई ताक आणि पेज यांच्यावर होत्या, आणि तेही निम्मं उलटून यायचं.

"मावशी, कधीपासून होतंय असं?" मी विचारलं.

"दगडूचं पत्र यायचं बंद झालं तवापास्नं."

दगडू त्यांचा एकुलता एक मुलगा. आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे काळाचं लक्ष जाऊ नये. तो पलटणीत भरती झाला, सिंगापूरला गेला, आणि तिथे जपानी आले. सरकारी कागद आला – बेपत्ता.

"त्यो उपाशी हाय, शिष्टर. त्याच्या पोटात न्हाई, तर माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

मला चेष्टा करायची खोड. म्हटलं, "मावशी, त्याचं पोट तिकडे, तुमचा घसा इकडे. मध्ये एवढा समुद्र आहे."

"नाळंला समुद्र आडवा येतो व्हय?" त्या म्हणाल्या. मी बेरियम कालवायला घेतलं.

पडद्यावर दिसलं ते वाईटच होतं. अन्ननलिका वर फुगलेली, आणि पोटाच्या तोंडाशी उंदराच्या शेपटीएवढी बारीक. तपासणीत अंगात रक्तही फार कमी निघालं. डॉक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाठ असू शकते. मुंबईला नेऊन आत दुर्बीण घालून बघायला हवं. असंच चाललं तर ही बाई दिवाळी बघायची नाही." मुंबईचं नाव काढताच बाई म्हणाल्या, "माझं पोर आलं अन् मी घरात नसले, तर?" शेवटी पुन्हा एकदा तपासणी करून मग ठरवायचं, असं झालं.

त्या आल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हे मला पक्कं आठवतं, कारण सून सांगत होती, "काल बैलांनी पुरणपोळी खाल्ली, अन् आत्याबाईंला पानी सुदीक ऱ्हायलं न्हाई."

या खेपेला डॉक्टरसाहेबांना घट्ट घास कुठे अडतो ते बघायचं होतं. सुनेच्या फडक्यातल्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा मी बेरियममध्ये बुडवला आणि बाईंच्या तोंडात दिला. दिवे गेले. घास खाली सरकला आणि त्याच जागी येऊन थांबला. पाणी दिलं, तरी हलेना. डॉक्टरसाहेबांनी सुस्कारा टाकला. मुंबईची चिठ्ठी लिहायची, एवढंच आता उरलं होतं. मी बाईंचं मनगट धरून उभी होते. ते एकाएकी गार पडलं.

आणि ती शेपटी उघडली... माझ्या डोळ्यांदेखत. घास खाली गेला, आणि त्याच्यामागून वर साठलेलं सगळं गेलं. मला इतका आनंद झाला, की मी ओरडलेच, "गेला! मावशी, गेला!"

अंधारात बाईंनी जो हंबरडा फोडला, तो मी मयताच्या घरीच ऐकलेला आहे.

दिवे लावले तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या. "कवा गेला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच! मी डोळ्यांनी पाहिला."

बाहेरून सून दार ठोठावू लागली. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझा हात घट्ट धरला. "तिला सांगू नगा, शिष्टर. कुकू आसू द्या तिच्या कपाळाला."

"अहो, घास गेला म्हणतेय मी, घास!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "घास."

संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. सून आनंदानं रडत होती. बाई मान खाली घालून एकेक तुकडा चावत होत्या. गाठ नव्हती, मुंबई टळली. डॉक्टरसाहेब खूश.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी चंद्रभागाबाई परत आल्या. आता अंगानं भरलेल्या. बरोबर पारनेरकडचा एक शिपाई होता, पायाच्या जखमा दाखवायला आलेला. तो दगडूबरोबर कैदेत होता. "शिष्टर," त्या म्हणाल्या, "ह्याला इचारा, कवा."

"तारीख कुनाला ठावं, बाई," तो म्हणाला. "पर आमी चांदावरनं सन मोजायचो. आवस आली तवा म्हनलो, आज पोळा. दगडू हासला. म्हनला, आज बैलबी जेवले आसतील. दुसऱ्या दिशी दुपारी पेज वाटायला लागले, अन् त्याच्या तोंडात घोट ऱ्हायला तसाच. गिळलाच न्हाई."

त्याच वर्षीचा पोळा, मी दोनदा विचारून घेतलं. आमची तपासणीही दुपारचीच. तिकडचं घड्याळ वेगळं असणार, ते गणित मी मांडलं नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, दुखणं मनाचं होतं, ते सुटलं. असेल. पण मन नेमकं त्याच दुपारी का सुटावं, हे त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही.

सून मागे उभी होती. कपाळ मोकळं. तिनं सासूला काही विचारलं नाही, मला विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

मी काय सांगणार होते? मीच तर ओरडून सांगितलं होतं.

त्यानंतर अनेक वर्षं त्याच अंधाऱ्या खोलीत उभी राहिले, शेकडो घोट पाहिले. घोट खाली आला, की मी "उतरला" म्हणायची. तो दुसरा शब्द तिथे माझ्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.