मिरचीला शेजार लागतो

आमच्या गावात लग्न ठरलं की आधी माझ्याकडे निरोप येतो, मग पत्रिका छापायला जाते. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे, असू द्या. या वयात दुसरं काय राहिलंय मिरवायला? आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी लागते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, जिरे, खोबरं, सुंठ वेगळं भाजायचं, त्यात लाल मिरची घालायची आणि सगळं गिरणीतून काढून आणायचं. ते येसर. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की वास पार एस्टीच्या थांब्यापर्यंत जातो. डाळ-धने काय, कुणीही भाजील. पण माझ्या येसराचा रंग दुसऱ्या कुणाच्या येसराला येत नाही, कारण तो रंग माझ्या हाताचा नाहीच मुळी. तो माझ्या परसातल्या मिरचीचा आहे.

माझ्या मायच्या काळात आमच्या वस्तीतल्या चुलीवरचं गावातलं कुणी तोंडात घालत नव्हतं. आता वरच्या आळीतली बाई स्वतः डबा घेऊन माझ्या दारात उभी असते आणि म्हणते, "बाई, जरा जास्त द्या, व्याही मोठे हायेत." मी देते. देताना माय आठवते, एवढंच.

ही मिरची बाजारात मिळत नाही. लांब, अंगावर सुरकुत्या, वाळली की रक्तासारखी लाल, आणि तिखट मात्र अगदी बेताचं. आमटीचा रंग बघून पाहुणा भीत भीत पहिला घोट घेतो आणि मग वाटी पुन्हा पुढं करतो. लेकरंसुद्धा वरपतात. बी माझ्या मायनं दिलेलं. लग्न होऊन सासरी आले तेव्हा इथल्या मिरचीनं माझं तोंड आलं होतं. पहिल्यांदा माहेरी गेले तर तेच रडगाणं लावलं. मायनं ऐकून घेतलं, आणि निघायच्या वेळी चुलीतली राख आणि बी एका चिंधीत बांधून हातात दिलं. म्हणाली, "रडू नकू. पेर आन् खा. पन ध्यानात ठेव, मिरचीला शेजार लागतो."

म्हणजे असं, की सौम्य मिरचीच्या जवळ जहाल मिरची लावली तर फुलावरच्या माशा इकडचं तिकडं करतात. त्या साली काही कळत नाही. मिरची तशीच दिसते, तशीच लागते. पण तिचं बी धरून पेरलं की पुढच्या साली झाडं शेजारणीच्या वळणावर जातात.

तेव्हापासून इतकी सालं झाली, मी रोप कधी विकत आणलं नाही. मृग लागायच्या आधी वाफा करते. माती हातानं कुस्करायची, शेणखत चाळून घालायचं, बियाला राख चोळायची म्हणजे मुंग्या नेत नाहीत. बोटानं रेघ ओढून बी सोडायचं आणि वर उसाचं पाचट पसरायचं. पाणी तांब्यानं ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं, लेकराच्या तोंडावर शिंपडावं तसं. मग एके दिवशी पाचट उचलावं तर खाली हिरवी हिरवी मान वाकवून सगळी उभी! कितीदा बघितलं तरी माझं मन काही भरत नाही. मिरचीच्या कडेनं वांगी, गवार, भेंडी, आणि कुंपणावर दोडका. आमच्या घरात माळवं विकत आणणं म्हणजे मला माझी बेअब्रू वाटते.

आता येते मालकांची गोष्ट. मालक म्हणजे आमचे हे. यांना मिरची लागते ती कानातून धूर काढणारी. माझी मिरची यांच्या लेखी भोपळा. भाकरीबरोबर ठेचा केला, तव्यावर मिरच्या-लसूण परतून तांब्याच्या बुडानं रगडून दिला, तरी म्हणणार, "चटणी दिलीस का गूळ?"

नातीचं लग्न ठरलं त्या साली दिवाळीला ती घरी आली होती. माझी थोरली नात, अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स आहे. पोळ्या-लाडवांचा कंटाळा आला म्हणून सुनेनं पिठलं-भाकरी केली आणि परसातल्या चार हिरव्या मिरच्या ताटाच्या कडेला ठेवल्या. नातीनं नेहमीच्या भरवशानं मिरची कचकन चावली. आणि जी उठली! तांब्या तोंडाला लावून अंगणात नाचायला लागली.

"आज्जी, ही तुझी मिरची न्हाई!"

मी म्हटलं, पोरगी शहरात राहून नाजूक झाली. म्हणून तिच्या ताटातली उरलेली मी चावली. माझ्या कानात शिट्टी वाजली. धावत परसात गेले. झाडं माझीच, पानं माझी, मिरचीवरच्या सुरकुत्या माझ्या. एका झाडाची तोडून चावली, तर सौम्य. शेजारच्या झाडाची चावली, तर विस्तव. तेव्हाच मला कळलं की शेजार लागलाय. पण शेजार आणला कुणी?

ओसरीवर आले तर मालक आढ्याकडे बघत बसलेले.

"आवं, गेल्या साली मी आठ दिवस अंबाजोगाईला गेलते, तवा परसात काय लावलं तुमी?"

"कुटं काय?"

"माझ्याकडं बघून बोला."

"आगं, केजच्या बाजारात लवंगीची रोपं लई चांगली आलती. दोनच लावली. त्या वांग्याच्या पल्याड."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर तू लावू दिली आस्ती का?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज मात्र बाहेर आला.

हसण्यासारखं होतं, पण मला त्या दिवशी भाकरी गेली नाही. वैशाखात लग्न. साऱ्या गावाला येसर घालणारी मी, आणि माझ्याच नातीच्या पंगतीत आचारी मसाल्याचं पाकीट फोडणार? बरं, लग्न तर एक दिवसाचं. मायचं बीच बुडालं तर? आधीच्या सालाचं चांगलं बी थोडं उरलं होतं, ते मी शेजारणीला देऊन बसले होते, आणि तिचं सगळं रोप तिच्या शेळीनं खाल्लं होतं. उमापूरला माझी थोरली बहीण असते, तिला फोन लावला. तिची मिरची कधीच गेली, दर साली तीच माझ्याकडून लाल मिरची नेते. पण बोलायला कमी नाही.

"मायनं एवढी एक गोष्ट तुज्या हातात दिली आन् ती बी बुडवलीस का गं?"

"आक्का, मी न्हाई बुडवली, तुज्या मेव्हण्यानं बुडवली."

"मग त्येलाच आमटीत घाल!"

फोन ठेवला आणि ठरवलं. एकेक झाड चाखायचं. जे मायच्या चवीचं निघेल त्याला चिंधी बांधायची, बाकीचं उपटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याचा काठ फाडून चिंध्या केल्या, वाटीत गूळ घेतला, ताक घेतलं आणि परसात गेले. मालक म्हणाले, "चूक माजी हाय, मीच चाखतो." पहिल्या झाडाची खाल्ली. "गोड हाय." दुसऱ्याची. "ही बी गोड." तिसऱ्या झाडाची मिरची मी नुसती मोडली तर मला ठसका लागला, आणि हे म्हणतात, "ही जरा बरी हाय, पन गोडच." त्यांना तिथून उठवून बकरीच्या चाऱ्याला पाठवलं.

मग मी चाखायला लागले. पण चार झाडं झाली की जिभेला काही कळेना. गूळ खा, ताक पी, थांब, पुन्हा चाख, आणि पाचव्याला सगळं सारखंच. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सून भांडी घासत बघत होती. हात धुऊन आली.

"आत्याबाई, चावू नका. देठाजवळ मोडा आन् आतल्या पांढऱ्या शिरेला नुसता जिभेचा शेंडा लावा. तिखट तिथंच आस्तं."

"तुला कुणी सांगितलं?"

"माजी जीभ लई हळवी हाय. म्हनून तर माज्या हातचं कोरड्यास मामांना मिळमिळीत लागतं."

ते खरं होतं. तिच्या हातची भाजी खाऊन हे रोज नाक मुरडायचे. तीच हळवी जीभ आता कामाला आली. सून ओळीनं बसत गेली, मिरची मोडायची, जिभेचा शेंडा लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे. "बांधा." पुढं. "उपटा." पुढं. मी तिच्या मागं चिंध्या घेऊन. एका बैठकीत पाच-सहाच झाडं करायची, मग जिभेला विसावा द्यायचा. असं करत करत दोघींनी सारा वाफा पालथा घातला.

शेवटच्या ओळीत एक झाड होतं, सगळ्यांत डौलदार. मिरच्यांनी वाकलेलं. मी चाखलं होतं, मला ते बरं वाटलं होतं. मी चिंधी बांधायला खाली वाकले तर सून म्हणाली, "थांबा."

"आगं, ह्येला काय झालं? सौम्य तर हाय."

"आदी न्हाई लागत, आत्याबाई. मागून येतंय. घशाकडं."

"ह्ये एकटं झाड निम्म्या येसराला पुरंल. लगीन तोंडावर आलंय."

"लगीन तर एक दिवसाचं. बी पुढं जानार न्हवं का?"

माझाच विचार माझ्या तोंडावर! मी पुन्हा मिरची मोडली, शीर जिभेला लावली आणि वाट बघितली. आणि आला हो, मागून, हळूच, चोरासारखा तिखटपणा घशात उतरला. मी झाडाच्या बुडाशी हात घातला. भरलेलं झाड उपटताना मुळं तडतड तुटतात, तो आवाज मला सहन होत नाही. सुनेनं ते माझ्या हातातून घेतलं आणि एका हिसक्यात उपटलं.

नुसतं तेवढ्यानं भागत नव्हतं. राखलेल्या झाडांवरच्या मिरच्यांनासुद्धा त्या उपटलेल्या झाडांचा शेजार लागलेला, म्हणजे त्यांचं बी उपयोगाचं नाही. मग त्याही सगळ्या हिरव्याच तोडल्या, म्हणजे झाडं नव्यानं फुलतील. वाफा असा भकास झाला की माझ्या पोरानं बघितलं आणि म्हणाला, "माय, आता आचाऱ्यालाच सांगू का?" मी म्हटलं, "सांग, पन आमटी सोडून सांग."

हिवाळाभर आम्ही दोघी त्या चिंधीवाल्या झाडांच्या मागं. बोअरला पाणी कमी, तर सून भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ देईना. मालकांची मजा झाली. उपटलेल्या झाडांच्या मिरच्यांचा ठेचा त्यांनी दोन्ही वेळा खाल्ला आणि वर म्हणाले, "आता घरात मानसाचं जेवन मिळायलंय." संक्रांतीच्या पुढं झाडं पुन्हा फुलली. पांढरी बारकी फुलं, मग हिरव्या, मग लाल. पिकल्या तशा तोडल्या, गच्चीवर साडीवर पसरल्या. बियासाठीच्या तेवढ्या सावलीत वाळवल्या. लग्नाच्या आठवड्यात येसर गिरणीत गेलं तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "आलं का तुमचं कुंकू!" ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

लग्न विहारात लागलं. पांढऱ्या साडीत नात काय दिसत होती म्हणून सांगू! पण माझा अर्धा जीव पातेल्याकडे. आमटी मीच हलवली, आचाऱ्याला पळी धरू दिली नाही. पंगत बसली. आक्का पहिल्याच ओळीत, मुद्दाम. तिनं वाटी उचलली, घोट घेतला, पुन्हा घेतला. तोंडातून चांगला शब्द काढायचा तिला नेहमीच त्रास होतो. वाढपी पुढं गेला तशी ओरडली, "आरं ए, आमटी घेऊन पळतूस कुटं?" माझ्यासाठी तेवढं बास होतं.

हात धुताना म्हणाली, "मला बी दे. औंदा मी लावते."

"औंदा न्हाई. पुढच्या साली."

"कावून? मी काय परकी हाय?"

"आक्का, आमटी जमली, पन बी खरं का खोटं ते मला आजून ठाव न्हाई. तुज्या परसात लवंगी निघाली तर नाव मायचं जाईल."

ती फणकारली, पण समजली. मायची लेक ती.

मग या साली त्याच बियातलं रोप टाकलं. मालकांची लवंगी आता मळ्यात, विहिरीच्या पलीकडे, आमच्या वाफ्यापासून चांगली लांब. झाडांना पहिल्या मिरच्या लागल्या तशी मी गूळ-ताक घेऊन बसले आणि सुनेनं पहिल्या झाडापासून सुरुवात केली. ती एकेक मिरची मोडून जिभेला लावत होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते. चिंध्या मी बाजूला तयारच ठेवल्या होत्या. शेवटचं झाड झालं तरी त्यातली एकही लागली नाही; सगळीच झाडं मायच्या चवीची, मग चिंधी बांधायची कुणाला? सुनेनं गुळाच्या वाटीला हातसुद्धा लावला नव्हता. मी तो गूळ खाल्ला.

दसऱ्याच्या सुमाराला आक्का उमापूरहून जीप बदलत बदलत आली, बी न्यायला. चहा घेतला, पाय पसरले. मी राखेत ठेवलेलं बी आणून तिच्या पुढ्यात धरलं आणि म्हटलं, "घे. आता खरं हाय." आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेला हाक मारली.

"ये गं हिकडं. तू चाखलीस का?"

"व्हय मावशी. समदी झाडं."

"मग बांध चिंधीत."

मी तिथंच बसले होते बरं का, त्या दोघींच्या मधोमध. मला कुणी विचारलं नाही. सून राख घालून, गाठ मारून तिला सांगत होती की पाणी तांब्यानं ओतू नका, आणि जवळपास दुसरी मिरची लावू नका. पंगतीत साऱ्या गावानं माझ्या आमटीची वाहवा केली, तेव्हाही मी एवढी फुगले नव्हते.